हुज्जत घातली, पण त्याच्या आधी काय झालं?

पोलीस आणि नागरिक यांच्यात झटापट झाली की ती गोष्ट कायम शेवटाकडून सांगितली जाते. अमक्याने हुज्जत घातली, अंगावर धावून आला, सरकारी कामात अडथळा आणला, म्हणून बळाचा वापर करावा लागला. रिपोर्टमध्ये तेच, बातमीत तेच आणि कोर्टातसुद्धा बऱ्याचदा तेच. हुज्जत घातली असेलही, ते दरवेळी खोटंच असतं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, पण त्याच्या आधी काय झालं? पहिलं वाक्य कोण बोललं, कुठल्या सुरात बोललं, कशासाठी थांबवलं ते सांगितलं का, समोरच्याने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की दमदाटी, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. माझं म्हणणं असं आहे की पोलिसांना होणारा प्रतिकार बऱ्याच वेळा त्या पहिल्या एक-दोन मिनिटांतच तयार होतो, तो तयार व्हायला दोघांचाही हातभार लागतो, पण तो थांबवण्याची ताकद वर्दीतल्या माणसाकडे जास्त असते आणि म्हणून जबाबदारीही त्याचीच जास्त. ती पहिली मिनिटं जोवर कोणी तपासत नाही तोवर चौकशी करूनही हाती काही लागणार नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये. २०२३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, संशोधकांनी एका शहरातल्या पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग घेतलं, कृष्णवर्णीय ड्रायव्हरना गाडी थांबवायला लावल्याचे ५७७ प्रसंग, आणि त्यातले अधिकाऱ्याचे फक्त पहिले ४५ शब्द तपासले. म्हणजे साधारण अर्धा मिनिटसुद्धा नाही. ज्या प्रसंगांचा शेवट झडती, बेड्या किंवा अटक असा झाला, त्यात अधिकाऱ्याने बोलायला सुरुवातच हुकूम सोडून केलेली असण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं, आणि कशासाठी थांबवलं हे कारण सांगण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे प्रसंग कुठल्या वळणावर जाणार याचा अंदाज ड्रायव्हरने धड तोंड उघडायच्या आधीच येत होता. हे एका देशातलं आणि एका गटाबद्दलचं संशोधन आहे हे मान्य, तिथल्या वर्णभेदाचा इतिहास त्यात मिसळलेला आहे, तरी ज्याला कधी रस्त्यात कारण न सांगता "चल, बाजूला घे" असं कोणी फर्मावलंय त्याला यातलं मर्म कळायला आकडे लागणार नाहीत.

आता एक प्रसंग जरा जवळून बघू, कारण तो डॅशकॅमवर पूर्ण रेकॉर्ड झालेला आहे आणि त्यात ही साखळी कडी कडी करून दिसते. १० जुलै २०१५, टेक्सासमधलं प्रेअरी व्ह्यू. सँड्रा ब्लँड नावाची २८ वर्षांची बाई गाडी चालवतेय, मागून पोलिसांची गाडी वेगात येतेय असं वाटून ती लेन बदलते, इंडिकेटर देत नाही, म्हणून तिला थांबवलं जातं. गुन्हा एवढाच. अधिकारी कागदपत्रं घेऊन जातो, समज देणारा कागद तयार करून परत येतो, म्हणजे कागद हातात द्यायचा आणि निघायचं, विषय संपला. पण तो तिला म्हणतो की तुम्ही वैतागलेल्या दिसताय. ती खरं ते सांगते, हो वैतागलेय, तुम्हाला वाट द्यायला बाजूला झाले आणि तुम्ही मलाच पकडलंत. तो विचारतो, झालं का बोलून? ती म्हणते तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. मग तो सिगारेट विझवायला सांगतो, तेही "प्लीज" वगैरे म्हणून. ती म्हणते मी माझ्या गाडीत आहे, मी का विझवू? आणि इथून पुढे इंडिकेटर, कागद, वाहतूक सगळं मागे पडतं. उतरा खाली. नाही उतरणार. उतरा म्हणतो ना. तो दार उघडून तिला ओढायचा प्रयत्न करतो, टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, रोखून धमकी देतो, पुढे तिला जमिनीवर पाडलं जातं आणि तिच्यावर सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला केल्याचा आरोप ठेवला जातो. तीन दिवसांनी ती तुरुंगातल्या कोठडीत मेलेली सापडली, मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदवला गेला. त्या अधिकाऱ्यावर पुढे खोटी शपथ घेतल्याचा खटला भरला आणि त्याने पुन्हा कधी पोलिसात नोकरी करणार नाही असं मान्य केल्यावर तो मागे घेतला गेला.

या सगळ्यात सिगारेटवर थांबून विचार करा. सिगारेट विझवल्याने त्या कारवाईत काय फरक पडणार होता? काहीच नाही, कागद तयार होता. ती सूचना तोपर्यंत कामाची राहिलीच नव्हती, ती दोघांपैकी वरचढ कोण हे ठरवायची झाली होती. आणि तिचं उत्तरसुद्धा सिगारेटबद्दल नव्हतं. माणसाला कायद्यापुढे नमायला फार त्रास होत नाही, दंड भरताना चरफडतो पण भरतो, त्रास होतो तो दुसऱ्या माणसापुढे विनाकारण नमताना. त्यात बघे जमलेले असले, शेजारी बायको किंवा मुलं बसलेली असली की नमणं अजूनच जड जातं. पोलिसाचंही तसंच आहे, बघ्यांसमोर कोणीतरी "का?" विचारलं आणि आपण उत्तर देत बसलो तर आपला वचक गेला असं त्याला वाटतं, सोबत ज्युनिअर असेल तर अजूनच वाटतं. म्हणजे दोघंही एकाच गोष्टीला घाबरलेले असतात, आणि एकाने आवाज चढवला की दुसऱ्याला उतरायची जागाच राहत नाही. "का?" हा साधा प्रश्न पोलिसाच्या कानाला आव्हान वाटतो आणि उत्तर न मिळणं नागरिकाला अपमान वाटतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त झटापटी इथेच जन्माला येतात, गुन्ह्याशी त्यांचा काडीचा संबंध नसतो.

यावर लोक लगेच म्हणतात, आणि चांगली समजूतदार माणसं म्हणतात, की एवढं सोपं आहे तर पोलीस सांगतोय ते गपचूप ऐकायचं ना, तक्रार नंतर करता येते, कोर्ट आहे, वरिष्ठ आहेत, रस्त्यावर कशाला वाद. माझ्या घरातल्या मुलांना मीही हेच सांगेन, कारण मला ती सुखरूप घरी यायला हवी आहेत. पण घरच्यांना दिलेला सल्ला वेगळा आणि व्यवस्थेचा नियम वेगळा. "गपचूप ऐका" हा नियम केला तर त्याचा अर्थ असा होतो की ज्याच्याकडे शस्त्र, प्रशिक्षण, पगार आणि कायद्याचं पाठबळ आहे त्याने कसंही वागावं आणि डोकं शांत ठेवायची सगळी जबाबदारी मात्र ज्याला अचानक गाठलंय त्याची, जो घाबरलाय, ज्याला कायदा माहीत नाही, जो कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच पोलिसाशी बोलतोय. हे उलटं आहे. डॉक्टर आणि पेशंट यांच्यात पेशंटने धीर सोडला तर आपण पेशंटला दोष देत नाही.

शिवाय "ऐकायचं" म्हटलं तरी सगळ्यांना ऐकता येतंच असं नाही. २०१७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत एक माणूस हातात लोखंडी पाइप घेऊन घराबाहेर उभा होता, पोलीस ओरडत होते खाली टाक, तो टाकत नव्हता, शेजारी जिवाच्या आकांताने ओरडून सांगत होते की त्याला ऐकू येत नाही, तो बहिरा आहे. त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी १९८४ मध्ये शार्लट शहरात एका मधुमेही माणसाची साखर उतरत होती, तो ज्यूस घ्यायला दुकानात घुसला, रांग मोठी बघून तसाच बाहेर धावला आणि मित्राच्या गाडीत बसला. लांबून बघणाऱ्या पोलिसाला वाटलं काहीतरी करून पळतोय. गाडी थांबवली, तो भोवळ येऊन पडला, पोलिसांनी दारू प्यायलाय असं समजून बेड्या घातल्या, खिशातलं मधुमेहाचं कार्ड बघा म्हणत होता तर गप्प बस म्हणून सुनावलं, त्या सगळ्या धबडग्यात त्याचा पाय मोडला. ऑटिझम असलेला मुलगा, मानसिक आजाराच्या झटक्यात असलेला माणूस, ती भाषाच न समजणारा परप्रांतीय, या सगळ्यांचं "न ऐकणं" लांबून अगदी उद्दामपणासारखंच दिसतं.

आणि ज्याला नीट ऐकू येतंय त्याचं तरी काय, दोन-तीन अधिकारी एकदम ओरडायला लागले की नक्की कोणाचं ऐकायचं? जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिसमध्ये टायर निकोल्सला पाच पोलिसांनी मारहाण केली आणि तो तीन दिवसांनी वारला, त्याचे व्हिडिओ न्यूयॉर्क टाइम्सने सेकंदासेकंदाने तपासले तेव्हा साधारण १३ मिनिटांत निदान ७१ हुकूम दिलेले सापडले, त्यातले कितीतरी एकमेकांविरुद्ध किंवा पाळताच न येण्यासारखे. हात दाखव म्हणून ओरडायचं आणि हात दुसऱ्या अधिकाऱ्याने पकडून ठेवलेले. जमिनीवर झोप म्हणायचं आणि तो आधीच जमिनीवर. हुकूम पाळला नाही म्हणून मार, आणि मारामुळे हुकूम पाळता येत नाही.

शरीराची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, ती फार लोकांना माहीत नसते. एखाद्याला पालथं पाडून त्याच्या पाठीवर वजन टाकलं की त्याला श्वास घेणं जड जातं, श्वास कमी पडला की माणूस तडफडतो, हात-पाय झाडतो, मान वर करायचा प्रयत्न करतो, त्यात त्याची इच्छा नसते, बुडणारा माणूस जसा हातपाय मारतो तसंच ते. वरच्या अधिकाऱ्याला ते अजून प्रतिकार करतोय असं वाटतं, तो अजून जोर लावतो, श्वास अजून कोंडतो. हे चक्र अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ मध्येच एका पत्रकात जसंच्या तसं लिहून ठेवलंय, आणि बेड्या पडल्या की लगेच पोटावरून उठवा असंही त्यात सांगितलंय. पंचवीस वर्षांनी, २५ मे २०२० ला, मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड बेड्या घातलेल्या अवस्थेत रस्त्यावर पालथा पडलेला होता आणि मानेवर नऊ मिनिटांच्या वर एका पोलिसाचा गुडघा होता, त्यातच तो मेला. सुरुवात कशावरून, तर वीस डॉलरची एक नोट खोटी असल्याच्या संशयावरून. आणि त्याच्या गाडीपाशी गेलेल्या अधिकाऱ्याने बोलणं धड सुरू व्हायच्या आतच पिस्तूल बाहेर काढलं होतं.

त्या रात्री मिनियापोलिस पोलिसांनी जे निवेदन काढलं त्यात लिहिलं होतं की संशयिताने अधिकाऱ्यांना शारीरिक प्रतिकार केला, बेड्या घातल्यावर त्याला वैद्यकीय त्रास होताना दिसला. गुडघ्याचा उल्लेखच नाही. एका १७ वर्षांच्या मुलीने मोबाइलवर शूट केलं नसतं तर रेकॉर्डला तेवढंच राहिलं असतं, प्रतिकार केला आणि मेला. पुढच्याच महिन्यात तामिळनाडूतल्या साथनकुलममध्ये लॉकडाउनच्या वेळेनंतर दुकान उघडं ठेवलं यावरून एका बापलेकाला, जयराज आणि बेनिक्सला, ठाण्यात नेलं, दोघंही काही दिवसांत कोठडीतल्या मारहाणीने गेले. एफआयआरमध्ये लिहिलं होतं की त्यांनी शिवीगाळ केली, जमिनीवर लोळले आणि त्यामुळे त्यांना मुका मार लागला. दुकानाबाहेरच्या सीसीटीव्हीत यातलं काहीच दिसलं नाही. जग दोन टोकांचं, भाषा दोन, आणि कागदावरची गोष्ट एकच. म्हणून मला "प्रतिकार केला" असं कुठेही वाचलं की पहिला प्रश्न पडतो, कोणी लिहिलंय हे आणि कुठून सुरुवात केलीय.

कायदाही बराच काळ शेवटच्याच क्षणाकडे बघत आलाय. त्या मधुमेही माणसाचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला, १९८९ चा ग्रॅहम विरुद्ध कॉनर, आणि त्यात कोर्टाने निकष घालून दिला की बळाचा वापर हा घटनास्थळी असलेल्या समजूतदार अधिकाऱ्याच्या नजरेने तपासायचा, क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात याचं भान ठेवून. तत्त्व म्हणून त्यात चूक काही नाही, खुर्चीत बसून नंतर शहाणपण सांगणं सोपं असतं. पण काही खालच्या कोर्टांनी त्याचा अर्थ इतका आखूड केला की ज्या क्षणी धोका निर्माण झाला तेवढाच क्षण बघायचा, मागचं सगळं बाद. ह्यूस्टनजवळ २०१६ मध्ये टोल थकल्याच्या कारणावरून एक भाड्याची गाडी थांबवली, गाडी पुढे सरकू लागली तसा अधिकारी दाराच्या पायरीवर उडी मारून चढला आणि त्याने गोळ्या झाडल्या, ड्रायव्हर मेला. खालच्या कोर्टांनी म्हटलं की चालत्या गाडीला लटकलेल्या त्या दोन सेकंदांत अधिकाऱ्याचा जीव धोक्यात होता, बस. तो तिथे लटकला कशाला हा प्रश्नच विचारायचा नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बार्न्स विरुद्ध फेलिक्स या निकालात हे एकमताने फेटाळलं, सगळी परिस्थिती बघावी लागेल, आधी काय घडलं तेही बघावं लागेल. पण अधिकाऱ्याने स्वतःच धोका ओढवून घेतला असेल तर त्याचं काय, हा प्रश्न कोर्टाने तसाच पुढे ढकलला, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

पोलिसांची बाजू मला समजते आणि ती नुसती तोंडदेखली मांडून पुढे जायचं नाहीये. थांबवलेल्या गाडीत कोण बसलंय ते माहीत नसतं. ड्युटी संपता संपत नाही, झोप अपुरी, वरून टार्गेट, खालून शिव्या. आणि हल्ले होतात, पोलीस मरतात, ते खोटं नाही. पण भीती आणि धोका यांचं माप सारखं नसतं. फ्लोरिडातल्या २०० हून जास्त पोलीस दलांची आकडेवारी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की रोजच्या वाहतूक तपासणीत अधिकाऱ्याची हत्या होण्याचं प्रमाण साधारण ६५ लाख तपासण्यांमागे एक आहे. ट्रेनिंगमध्ये मात्र दाखवतात तो त्या एकाचा व्हिडिओ, पुन्हा पुन्हा. असा माणूस प्रत्येक खिडकीपाशी जाताना तोच व्हिडिओ डोक्यात घेऊन जातो, हात पिस्तुलाजवळ, आवाज चढलेला, आणि गाडीतल्याला दिसतो तो फक्त हात आणि ऐकू येतो तो फक्त आवाज. मग तोही घाबरतो, खिशात हात घालतो, गाडी सुरू करतो, वाद घालतो. भीतीने भीती वाढते आणि दोघांनाही वाटतं की सुरुवात समोरच्याने केली.

पहिलं मिनिट म्हणतोय खरा, पण कधी कधी ते त्या दिवसाच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलिसांनी साध्या कपड्यांत मोहीम चालवली, तिला नाव दिलं स्वॉम्प ८१, आणि काही दिवसांत ९४३ जणांना अडवून झडत्या घेतल्या, त्यात तरुण कृष्णवर्णीय मुलं जास्त. १० एप्रिलच्या संध्याकाळी भोसकला गेलेला एक कृष्णवर्णीय तरुण रक्तबंबाळ अवस्थेत दिसला, पोलीस त्याला मदत करायला गेले, आणि जमावाला वाटलं हे त्याला त्रास देताहेत, दवाखान्यात जाऊ देत नाहीयेत, म्हणून जमावाने त्याला पोलिसांच्या हातातून सोडवून नेलं. दुसऱ्या दिवशी ब्रिक्स्टन पेटलं. त्या एका प्रसंगात पोलीस बरोबर वागत होते! पण आदल्या दिवसांतल्या ९४३ झडत्यांचा हिशोब त्या एका मदतीच्या खात्यात जमा झाला. आपल्याकडचं चौरीचौरा आपण शाळेत शिकलो ते ठाणं जाळलं आणि गांधीजींनी आंदोलन मागे घेतलं एवढंच, ४ फेब्रुवारी १९२२. पण तो मोर्चा ठाण्यावर निघाला त्याच्या काही दिवस आधी ठाणेदाराने बाजारात भगवान अहीर नावाच्या निवृत्त सैनिकाला, जो असहकार चळवळीचा स्वयंसेवक झाला होता, मारहाण केली होती, आणि लोक त्याचा जाब विचारायला निघाले होते. मग ढकलाढकली, दगड, गोळीबार, माणसं मेली, आणि शेवटी ठाण्यात कोंडलेले २२ पोलीस जळून मेले. त्या जमावाने जे केलं ते भयंकरच होतं, त्याचं समर्थन होऊ शकत नाही, मी करतही नाहीये. पण त्या आगीची गोष्ट ठाण्याच्या दारापासून सुरू केली तर ती अर्धवट राहते.

मग करायचं काय? हा प्रश्न असाध्य नाही, काही ठिकाणी तो सुटताना दिसलाय. १९७३ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका दुकानात शस्त्रधारी लोकांनी ओलीस धरले होते, सुरुवातीच्या गोळीबारात एक पोलीस गेला, तरी न्यूयॉर्क पोलिसांनी आत घुसायची घाई केली नाही, जवळपास दोन दिवस वाट बघितली आणि ओलीस जिवंत सुटले. हार्वी श्लॉसबर्ग नावाचा डिटेक्टिव्ह, ज्याच्याकडे मानसशास्त्राची डॉक्टरेट होती, त्याने आणि फ्रँक बोल्झने वाटाघाटींची पद्धत न्यूयॉर्क पोलिसांत बसवली, तिचं सार हे की वेळ पोलिसांच्या बाजूने असतो, अंतर ठेवा, बोलत राहा. बंदूकधाऱ्याला जो वेळ देता येतो तो सिगारेट ओढणाऱ्या बाईला का देता येत नाही? अमेरिकेतल्याच लुइव्हिल शहरात २०१९ मध्ये पोलिसांना टप्प्याटप्प्याने असंच प्रशिक्षण दिलं, थांबा, अंतर घ्या, माहिती काढा, मग ठरवा, आणि स्वतंत्र मूल्यमापनात बळाचा वापर २८ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या दुखापती ३६ टक्क्यांनी. शेवटचा आकडा प्रत्येक पोलीस ठाण्यात भिंतीवर लावायला हवा. शांतपणे बोलण्यात पोलिसांचा जीव धोक्यात येतो असं म्हणणाऱ्यांनी त्याचं उत्तर द्यावं.

पण नुसतं ट्रेनिंग म्हणजे जादू नाही, हेही तितकंच खरं. मेम्फिस हेच ते शहर जिथे १९८८ मध्ये मानसिक आजारी माणसांशी कसं वागायचं याचं खास पथक सुरू झालं आणि तो नमुना जगभर गेला, आणि टायर निकोल्स त्याच शहरात मारला गेला, गुन्हेगारी मोडून काढायला नेमलेल्या दुसऱ्या एका आक्रमक पथकाकडून. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये दारू तपासणीच्या नाक्यांवर अधिकाऱ्यांना एक छोटा मजकूर दिला, का थांबवतोय ते सांगा, समोरच्याला बोलू द्या, आदराने बोला, आणि ड्रायव्हरांचं मत पोलिसांबद्दल बरं झालं. तोच प्रयोग स्कॉटलंडमध्ये केला तर उलटा पडला, लोक आधीपेक्षा नाराज झाले. संशोधकांनी खोलात जाऊन पाहिलं तर तिथे सगळी पोलीस दलं नुकतीच एकत्र केलेली होती, अधिकारी बदलांनी त्रासलेले, वरून न सांगता-सवरता आदेश आलेला, आणि ज्यांना स्वतःलाच कोणी नीट विचारत नव्हतं त्यांनी तो मजकूर रस्त्यावर नुसता उरकला. मला या स्कॉटलंडच्या फसलेल्या प्रयोगातून जास्त शिकायला मिळतं. ज्या शिपायाला साहेब चार लोकांत अरे-तुरे करतो, ज्याने रजेचं कारण सांगितलं तर "कारणं सांगू नकोस" ऐकावं लागतं, तो बाहेर जाऊन कोणाला कारण सांगेल? तो जे घेतो तेच पुढे देतो.

म्हणून मला सौजन्याच्या सप्ताहांवर, पोस्टरवर भरवसा नाही. कारण सांगणं ही कायदेशीर अट असायला हवी आणि ती मोडली तर त्याची किंमत असायला हवी. ब्रिक्स्टननंतर काही वर्षांतच, १९८४ च्या कायद्याने, इंग्लंड आणि वेल्समध्ये झडती घेण्याआधी अधिकाऱ्याने आपलं नाव, ठाणं, काय शोधतोय आणि का शोधतोय हे सांगणं बंधनकारक केलं. १९९९ मध्ये एका खटल्यात अधिकाऱ्यांनी नाव आणि ठाणं सांगितलं नव्हतं म्हणून ती झडतीच बेकायदा ठरली, आणि झडतीच बेकायदा म्हटल्यावर पोलीस कर्तव्य बजावत असताना हल्ला केला हा आरोपही टिकला नाही. म्हणजे प्रतिकाराचा न्याय पहिल्या वाक्यापासून केला गेला. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट हवी, अटकेचा मेमो हवा, साक्षीदाराची सही हवी असं सांगितलं, ते चांगलंच आहे, पण ते अटकेपासून सुरू होतं आणि झटापट बहुतेक वेळा त्याच्या आधीच होऊन गेलेली असते.

माझ्या मनातला बदल छोटा आहे आणि कागदावरचा आहे. जिथे जिथे बळ वापरलं गेलं किंवा अडथळा आणल्याचा गुन्हा नोंदवला गेला, तिथे अहवालाची सुरुवात पहिल्या भेटीपासून सक्तीची करायची: कशासाठी थांबवलं, ते कारण किती वेळात आणि कोणत्या शब्दांत सांगितलं, समोरच्याने काय विचारलं, त्याला काय उत्तर दिलं, थांबून अजून माणसं बोलावता आली असती का, आणि कॅमेरा असेल तर त्याचं रेकॉर्डिंग पहिल्या सेकंदापासून, मधूनच कापलेलं नाही. हे लिहिलेलं नसेल तर तो गुन्हा पुढे न्यायचा नाही. आणि हे अहवाल त्याच ठाण्याच्या साहेबांनी वाचून बंद करायचे नाहीत, त्या ठाण्याबाहेरच्या कोणीतरी वाचायचे. एखाद्या अधिकाऱ्याच्या अहवालांत "हुज्जत घातली" वारंवार येतंय आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला काम करणाऱ्या दुसऱ्याच्या अहवालांत जवळपास येतच नाही, हे मग कोणालाही दिसेल, आणि त्या दुसऱ्या अधिकाऱ्याला ट्रेनिंग द्यायला बोलावता येईल.